झोपलंय कोण, हेडफोन की फोन?

पत्र

मी 57 वर्षांचा, नाशिकला राहतो. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. रात्री जेवणानंतर तास-दीड तास आरामखुर्चीत बसून ख्याल ऐकणं, एवढाच काय तो शौक. मुलगा नेदरलँड्सला असतो. गणपतीत आला तेव्हा स्वतः सहा वर्षं वापरलेला सेनहायझर एचडी 600 हेडफोन मला देऊन गेला. सोबत तिथेच घेतलेली ॲपलची पांढरी डोंगल, म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायचा छोटासा जोड. माझा फोन अँड्रॉइड आहे. आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी विलंबितातला आलाप कुणी शेजारच्या खोलीत पुटपुटतंय असा येतो.

मध्यंतरी मुंबईला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात हेडफोन घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने 46,000 रुपयांचा, खिशात मावणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) जोडून दाखवला. म्हणाला, "काका, तुमचा हेडफोन अजून झोपलाय. त्याला जागं करायला असाच ॲम्प लागतो." आणि खरंच, डग्गा भरून आला, तानपुरा पसरला. मुलगा म्हणतो, घ्या, पैसे मी पाठवतो. बायको म्हणते, आधी टीव्हीचा आवाज कमी करा, मग हेडफोनचं बघू. घ्यावा का?

– एक श्रोता, नाशिक

उत्तर

नमस्कार.

आधी उत्तर सांगतो. 46,000 चा घेऊ नका. पण तुमची तक्रार खरी आहे, भास नाही. तुमच्या साखळीत कुणीतरी झोपलेलं नक्की आहे. फक्त तो हेडफोन नाही.

पहिला संशय त्या पांढऱ्या डोंगलवर घ्या. वस्तू उत्तम आहे. एवढ्याशा किमतीत इतका स्वच्छ आवाज देणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, आणि तीस वर्षं ॲम्प्लिफायर उघडून बसलेला माणूस हे म्हणतोय. पण तिचे दोन अवतार आहेत. अमेरिकेत विकली जाते ती जास्तीत जास्त 1 व्होल्ट देते. युरोपात विकली जाते ती साधारण अर्धा. यात दोष कुणाचाच नाही. कान बिघडू नयेत म्हणून तिकडे खिशातल्या उपकरणांच्या आवाजावर मर्यादा घातलेली आहे. चष्मा लावून वायरीवरची बारीक अक्षरं वाचा. ए2155 असं दिसलं तर ती युरोपातली, ए2049 असेल तर अमेरिकेतली. तुमची बहुधा पहिली निघेल.

त्यात दुसरी गोम फोनची. या डोंगलच्या पोटात आवाजाचं स्वतःचं एक बटण आहे, न दिसणारं. बरेच अँड्रॉइड फोन ते बटण पूर्ण उघडतच नाहीत. तुम्ही पडद्यावरची पट्टी शेवटाला नेता, फोन म्हणतो 'झालं शंभर टक्के', आणि डोंगलच्या आतली पट्टी अर्ध्यातच. तपासायला पैसा लागत नाही. तीच डोंगल, तोच हेडफोन, तेच गाणं एखाद्या नव्या लॅपटॉपला लावून ऐका. तिथे आवाज चांगला दणकून वाढला, तर झोपलाय तो तुमचा फोन. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो नावाचं एक ॲप आहे, काही शे रुपयांचं. ते डोंगलचं आतलं बटण उघडू शकतं. तेवढं करून पाहिल्याशिवाय पुढची एक दमडी खर्च करू नका.

आता थोडं गणित. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांचं वावडं नसावं म्हणून लिहितो.

तुमच्या हेडफोनचा इंपिडन्स (विजेला होणारा अडथळा) 300 ओहम, म्हणजे फोनबरोबर येणाऱ्या साध्या इयरफोनच्या जवळपास दहापट. त्याला 1 मिलिवॉट मिळाला की तो सुमारे 97 डेसिबल आवाज काढतो. 300 ओहममधून 1 मिलिवॉट ढकलायला 0.55 व्होल्ट लागतात. म्हणजे तुमची अर्ध्या व्होल्टची डोंगल पूर्ण उघडी असली तर कमाल आवाज 96 डेसिबलच्या आसपास. हा झाला शिखराचा आवाज, तबल्याच्या कडक थापेचा, तार सप्तकातल्या पुकारेचा. विलंबितातला आलाप त्याच्या 25-30 डेसिबल खाली असतो, म्हणजे 66 ते 71. जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा मुळातच हलक्या पातळीवर उतरवलेली असतात. त्याचे आणखी सहा-आठ गेले. फोनने डोंगल अर्धीच उघडली असेल तर आणखी सहा. राहिले पन्नाशीच्या आगेमागे. समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण 60 असतो. शेजारच्या खोलीतलं पुटपुटणं! तुमच्या कानाने आकडा अचूक सांगितला होता.

म्हणजे तुम्हाला जास्तीचा व्होल्टेज हवाच आहे, पण किती? दर वेळी व्होल्ट दुप्पट केले की 6 डेसिबल वाढतात. 2 व्होल्ट देणारी डोंगल घेतली की शिखर 108 डेसिबलवर जातं, आलाप ऐंशीच्या घरात येतो. रात्रीच्या शांत खोलीत याहून मोठा आलाप मी तरी ऐकणार नाही. अशा 2 व्होल्टच्या डोंगली आज तीन ते आठ हजारांत सरसकट मिळतात. अंगठ्याएवढ्या असतात, वेगळी बॅटरी नसते, फोनमधूनच वीज घेतात. मुंबईचं लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, किंवा घरबसल्या, कुठेही. खोक्यावर किती मिलिवॉट आहेत ते पाहू नका, 'व्होल्ट आरएमएस' किती ते पाहा. दुकानदाराला तेवढं सांगता आलं नाही तर पुढचं दुकान.

मिलिवॉट पाहू नका म्हणालो ते का? 46,000 च्या खोक्यावर ठळक अक्षरात '1000 मिलिवॉट' लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात '32 ओहमला'. गणित केलं तर ते 5.66 व्होल्ट होतात. तेच 5.66 व्होल्ट तुमच्या 300 ओहमला दिले की हातात येतात 107 मिलिवॉट. हजाराची जाहिरात, शंभराची डिलिव्हरी. त्यातही तुमच्या हेडफोनला 2 व्होल्टवर लागतात फक्त 13. उरलेल्या व्होल्टांनी शिखर 117 डेसिबलवर जाऊ शकतं. तिथे कुणी जायचं नसतं. 100 डेसिबलच्या आवाजात दिवसातून पंधरा मिनिटांच्या वर बसू नये अशी कामगारांसाठीची अमेरिकन शिफारस आहे.

मग दुकानात डग्गा भरून कसा आला?

मोठ्याने वाजला म्हणून. यात तुमची फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. त्या पोरालाही बहुधा हेच वाटत असेल. 1933 मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाच्या कानाचे आलेख काढले. आवाज हळू असला की कानाला खर्जातलं फार कमी ऐकू येतं, आणि आवाज वाढवत नेला की खर्ज मधल्या स्वरांपेक्षा भराभर वर येतो. घरी पन्नाशीतल्या डेसिबलांवर तुमचा डग्गा जवळजवळ गायब होता. दुकानात दहा-पंधरा डेसिबल वाढल्याबरोबर तो हजर झाला. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा आणि खालचा षड्ज मागून आले. हे कुठल्याही ॲम्पने झालं असतं, सहा हजारांच्या डोंगलनेसुद्धा. त्या पोराने दोन्ही वस्तू एकाच आवाजाला जुळवून ऐकवल्या असत्या तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण शिकलो पदरचे पैसे घालून. 2013 साली मी असाच एक विटेएवढा ॲम्प घेतला होता. तो फोनच्या पाठीला दोन रबरबँडांनी बांधून फिरायचो. आमच्या गल्लीतल्या एका पोलिसाने मला त्यावरून एकदा थांबवलंही होतं. चार महिने मी ज्याला त्याला सांगत सुटलो की आवाजाला 'खोली' आली. मग भाचा इंजिनिअरिंगला गेला आणि म्हणाला, मामा, सिद्ध करा. आम्ही 100 हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट जुळवले (साधा मल्टिमीटर खालच्या सुरांनाच खरं बोलतो, 1000 हर्ट्झला त्याच्यावर भरवसा नको). मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भाचा नाणं उडवायचा आणि छापा पडला तर ॲम्प, काटा पडला तर नुसता फोन लावायचा. सोळा वेळा. त्यातले मी नऊ ओळखले. नाणं उडवूनच उत्तर दिलं असतं तरी आठ आलेच असते. तो ॲम्प मी भाच्यालाच दिला; त्यानेही तो महिनाभरात विकला.

एका बाबतीत मात्र ॲम्पचा फरक खरोखर कानाला कळतो, आणि तो तुमच्याच हेडफोनबद्दल असल्याने सांगतो. एचडी 600 चे 300 ओहम सगळीकडे सारखे नसतात. 100 हर्ट्झच्या आसपास ते चढून पाचशेच्या वर जातात. ज्या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स जास्त, समजा 100 ओहम, तो या चढावर थोडा जास्त व्होल्टेज सोडतो आणि खालचा भाग सुमारे 1 डेसिबलने उचलला जातो. काही व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल लोक 'ऊबदार, गोड आवाज' म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा हा 1 डेसिबल असतो. आवडला तर आवडू द्या. पण तो फोनमधल्या इक्वलायझरवर एक रेघ सरकवून फुकटात मिळतो.

बाकी, चांगला ॲम्प बनवणं ही आता गुप्त विद्या राहिलेली नाही. 2011 मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माणसाने ओ2 नावाच्या खिशातल्या ॲम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. 9 व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या, दुकानात मिळणाऱ्या चिपा, सुटे भाग सुमारे 30 डॉलरचे. त्याने मोजमापं छापून दाखवून दिलं की कितीतरी पट महाग डबे याच्यापुढे उभे राहत नाहीत. त्यावरून मोठी भांडणं झाली. 2012 मध्ये तो अचानक गप्प झाला. तो कोण होता, ते आजतागायत उघड झालेलं नाही. त्याचा आराखडा मात्र अजून बनतो आणि विकला जातो. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, चू मॉय नावाच्या हौशी माणसाचा ॲम्प लोक पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवून खिशात घालत. माझ्या टेबलावर महागडे डबे उघडायला येतात तेव्हा आत काय असतं? एक लिथियम बॅटरी, काही शे रुपयांच्या एक-दोन चिपा, नीट आखलेलं सर्किट बोर्ड, आणि बाहेर कोरून काढलेलं ॲल्युमिनियम. काम सुबक असतं, नाही कशाला म्हणू. पण पैसे मुख्यतः त्या ॲल्युमिनियमचे, थोड्या नगांतच खर्च वसूल करायचा असतो त्याचे, आयातीचे, दुकानदाराचे आणि 18 टक्के जीएसटीचे. आवाजाच्या वाट्याला त्यातले किती, ते मी वर गणितात लिहिलंच आहे.

आणि ती बॅटरी! असे डबे माझ्याकडे बहुतेक एकाच कारणाने येतात. चार वर्षांत बॅटरी मरते किंवा फुगते, आणि कंपनीने ती आत डिंकाने चिकटवलेली असते. तुमचा हेडफोन उघड्या पाठीचा आहे, आतलं गाणं बाहेर आणि बाहेरचा मिक्सर आत. तो घेऊन कुणी लोकलने जात नाही. तुम्ही एकाच खुर्चीत, भिंतीतल्या सॉकेटपासून दोन हातांवर बसून ऐकता. मग खिशात मावण्याचे आणि बॅटरीचे पैसे तुम्ही का भरायचे? पुढेमागे डोंगलच्या पलीकडे जावंसं वाटलंच, तर टेबलावरचा, विजेवर चालणारा, आत डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संदेश करणारी चिप) असलेला ॲम्प दहा-पंधरा हजारांत घ्या. तो तुमच्या नातवापर्यंत चालेल.

महागडा ॲम्प कुणालाच लागत नाही असं नाही. हायफायमॅनचा एचई-6 नावाचा एक हेडफोन होता, 2010 च्या सुमाराचा. 50 ओहमचा, पण 1 मिलिवॉटला जेमतेम 83.5 डेसिबल देणारा. त्याला लोक सरळ स्पीकरचे ॲम्प जोडत, आणि ते बरोबरच होतं. 600 ओहमचे काही जुने बायरडायनॅमिक आहेत, तेही हट्टी. उलट बाजूला अतिसंवेदनशील इन-इयर (कानाच्या आत बसणारे) घेणाऱ्यांना ताकद नको असते, शांतता हवी असते. जोरदार ॲम्प लावला की त्यांना गाण्यामागे सतत 'स्सस्स' ऐकू येतं. ब्लूटूथवाल्यांनी तर या दुकानात शिरूच नये, त्यांचा ॲम्प त्यांच्या हेडफोनच्या पोटातच असतो. तुम्ही या तिघांतले कुणीच नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत त्याबद्दल. हेडफोन सहा वर्षं वापरलेला आहे म्हणालात. त्याचे कानाचे पॅड बोटांनी दाबून पाहा. नवे असताना ते मऊ आणि चांगले जाड असतात. वापराने चपटे होतात, कान आतल्या जाळीला टेकू लागतो, आणि खर्ज आणि तार दोन्हीचा तोल ढळतो. हा बदल मोजता येतो, ऐकूही येतो, आणि कुठल्याही दोन चांगल्या ॲम्पमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा केसभर सरकवला की जवारी उघडते किंवा मिटते, तसंच हे. लाकूड तेच, तारा त्याच. पॅड ओढले की निघतात, नवे दाबले की टक् करून बसतात, पेचकसही लागत नाही. मुलाला काही पाठवायचंच असेल तर कंपनीचे अस्सल पॅड आणि आतला पातळ स्पंज पाठवायला सांगा. स्वस्त नकली घेऊ नका. त्यांची जाडी आणि कापड वेगळं असतं, आणि आवाज पुन्हा तिसराच होतो.

जुन्या तबकड्यांबद्दलही अपेक्षा बेताची ठेवा. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांत वरच्या पट्टीतलं फारसं काही उतरलेलंच नाही, खरखर सोडून. स्वच्छ ॲम्प ती खरखर आणखी स्वच्छ ऐकवेल. मला विचाराल तर अशा मुद्रणांना खोलीतला एखादा जुना स्पीकरच जास्त मानवतो.

शेवटी वहिनींचं म्हणणं. तुम्ही ते पत्रात हसत हसत लिहिलंय; मी ते हसण्यावारी नेणार नाही. टीव्हीचा आवाज घरात तुम्हालाच कमी वाटत असेल, तर कान तपासून घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ऑडिओग्राम होतो, अर्धा तास लागतो, दुखत नाही. साठीकडे जाताना वरच्या सुरांची श्रवणशक्ती बहुतेकांची उतरते, माझीही उतरली आहे. ती कुठे आणि किती उतरली हे कळलं की इक्वलायझरवर तेवढ्याच पट्ट्या थोड्या उचलता येतात. सगळाच आवाज वाढवत बसावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 40 तास आणि 80 डेसिबल असा हिशेब सांगते. तुमचे रोजचे दीड तास त्यात आरामात बसतात, 117 डेसिबलचा डबा घरात आणला नाहीत तर.

तर क्रम असा: आधी लॅपटॉपवर ऐकून पाहा, मग ते ॲप, मग पॅड, मग लागलीच तर 2 व्होल्टची डोंगल. सगळं मिळून 46,000 च्या पाव हिश्शाच्या आसपास भागावं, आणि त्यातलं अर्धं कदाचित लागणारही नाही. ऑडिओग्रामचा कागद हातात आला की मला कळवा. टीव्हीचा आवाज कुणी कमी करायचा, ते तुम्ही आणि वहिनी मिळून त्यावरून ठरवू शकाल.